वाचक विचारतात : शाळेच्या वर्कशॉपसाठी सीएनसी घ्यायचीय, कुठली घेऊ?

मागच्या अंकात मी छोट्या सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कापणाऱ्या-कोरणाऱ्या मशीनवर, अर्ध्या पानाचं टिपण लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की शाळेनं मशीन घ्यायच्या आधी ते बिघडल्यावर कोण उघडणार हे ठरवावं. त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. नावं छापलेली नाहीत, गाव-तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : मी कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माजी विद्यार्थ्यांनी दीड लाख रुपये जमवून दिलेत, म्हणाले सर पोरांसाठी सीएनसी घ्या. एकीकडे ३०१८ नावाच्या छोट्या मशीन दिसतायत, वीस हजारांच्या आतबाहेर. दुसरीकडे दरवाजे कोरणारे एकजण त्यांची जुनी ६०४० मशीन सव्वा लाखाला द्यायला तयार आहेत, सोबत कॉम्प्युटर पण देतो म्हणतात. आठवी-नववीची चाळीस पोरं आहेत. एकदाच मोठं घ्यावं असं कमिटीचं मत आहे. काय करू?

उत्तर : सर, आधी त्या जुन्या मशीनचं बोलू, कारण सव्वा लाख एकदा गेले की गेले. ६०४० म्हणजे ६०० बाय ४०० मिलिमीटरचं काम करणारी, दीड-दोन किलोवॉटचा स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर), मिनिटाला २४,००० फेरे. मशीन म्हणून चांगली असते. पण ते "सोबत कॉम्प्युटर पण देतो" म्हणतायत ना, तिथं जरा थांबा. जुन्या मशीन बऱ्याचदा मॅक थ्री या सॉफ्टवेअरवर आणि पॅरलल पोर्टवर चालतात, म्हणजे पूर्वी प्रिंटरला जी रुंद पंचवीस पिनांची केबल असायची ती. आणि मॅक थ्रीचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालतच नाही, म्हणून तो जुना कॉम्प्युटर सोबत देतायत. तो कॉम्प्युटर गेला की मशीन गेली असं समजा. नाही म्हणायला लिनक्ससीएनसी आहे, फुकट आहे, पॅरलल पोर्टवर व्यवस्थित चालतं आणि अशा कितीतरी मशीन त्यानं परत उभ्या केल्यात, पण ते बसवायला माणूस लागतो, आणि तो शाळेत असेल तरच हा सौदा करा. नाहीतर काय होतं ते मी एका शाळेत बघितलंय. देणगीतून आलेली झकास मशीन, तिचा डोंगल (सॉफ्टवेअर चालू करायची यूएसबी किल्ली) हरवला, विकणारा फोन उचलेना, आणि मी गेले तेव्हा मशीनवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर गॅदरिंगचं सामान. पोरं शेजारून जात होती, आत काय आहे ते त्यांना माहीत पण नव्हतं. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

आता चाळीस पोरांचा हिशोब करू. नावाची एक छोटी पाटी ३०१८ वर धरून चला चाळीस मिनिटं घेते. चाळीस पाट्या म्हणजे १,६०० मिनिटं, सव्वीस तास चाळीस मिनिटं. तुम्हाला आठवड्याला जोडतास मिळत असेल ऐंशी मिनिटांचा तर एका मशीनवर आठवड्याला दोन पाट्या होतात, म्हणजे वीस आठवडे, म्हणजे जवळजवळ अख्खं सत्र एका पाटीत. मशीन मोठी घेतली तरी हा हिशोब तेवढा सुधारत नाही, कारण मशीनवर एका वेळी एकच जॉब लागतो आणि बाकीची एकोणचाळीस पोरं खिडकीतून बाहेर बघतात. दोन छोट्या मशीन आणि चार-चार पोरांचे दहा गट केले तर प्रत्येक गटाचे सत्रात दोन जॉब आरामात होतात आणि एखादा बिघडला तर परत करायला पण वेळ उरतो. बिघडणारच आहे, पहिला तर हमखास.

म्हणून माझं मत, दोन ३०१८ घ्या, आणि सुट्या भागांत येतात तशाच घ्या, जोडून मागवू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइल, लीड स्क्रू, तीन स्टेपर मोटरी, एक ७७५ नंबरची डीसी मोटर स्पिंडल म्हणून, आणि जीआरबीएल चालवणारा बोर्ड, ज्याला पोरं गर्बल म्हणतात. हे जीआरबीएल २००९ पासूनचं ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे बोर्डमध्ये बसणारं खुलं सॉफ्टवेअर, आहे आणि साध्या आर्डुइनो उनोमधल्या चिपवर चालतं, त्यामुळं बोर्ड जळला तरी पुण्यात पासोड्या विठोबाजवळ नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुसरा मिळतो, जगात कुणाच्या परवानगीची गरज नाही. दोन शनिवार पोरांना हाताशी घेऊन जोडा. काटकोन नीट नसेल तर पुढं काय होतं ते त्यांना स्क्रू आवळतानाच कळतं, आणि ज्या पोरानं झेडचा (वर-खाली सरकणाऱ्या भागाचा) नट स्वतः बसवलाय तो मशीन अडकल्यावर घाबरून तुम्हाला हाक मारत नाही, ॲलन की घेऊन येतो. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून हीच पद्धत चालवली, काम करत करत शिकायची, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची वर्कशॉप) एक तिथं उभी राहिली. शिरूर तालुक्यातल्या एका गावात. मला वाटतं कमिटीला एकदा तिथं घेऊन जा, मग मोठं-छोटं हा वाद आपोआप मिटेल.

छोट्या मशीनची मर्यादा पण सांगते. काम ३०० बाय १८० चं, झेडला जेमतेम ४०-४५ मिलिमीटर, आणि फ्रेम दमदार नसते. प्लायमध्ये एका पासला (टूलच्या एका फेरीला) अर्धा ते एक मिलिमीटर खोली धरा. सहा मिलिमीटरचा प्लाय कापायचा तर पाऊण मिलिमीटरनं आठ पास. हळू आहे. पण शिकताना हळू असलेलं बरं असतं हो, टूल कुठून आत शिरतंय, कुठल्या बाजूनं वळतंय हे पोरांना डोळ्यांनी दिसतं.

आणि दीड लाखातले निम्मे पैसे यंदा खर्चूच नका. दोन मशीन, बिट, म्हणजे कापायची टूल, भरपूर (मोडतात), चांगला व्हॅक्यूम, गॉगल, प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदानं दाबून केलेला बोर्ड), एवढंच. एक वर्ष चालवा. मग पोरांनाच विचारा की आता काय कमी पडतंय, आणि ते म्हणाले जागा कमी पडते तर सुताराच्या ट्रिमरसारखा ६५ मिलिमीटरचा राउटर बसणारी जरा दणकट मशीन घ्या. तेव्हा ती कशी बघून घ्यायची हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

प्रश्न : मी नाशिकला पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे. फ्युजन या डिझाइन सॉफ्टवेअरचं पर्सनल वालं फुकट लायसन्स घेतलंय पण मशीन टूल वर उचलून दुसरीकडे जाताना पण कापतानाच्याच स्पीडनं जाते, खूप वेळ जातो. वर्कशॉपमधले एकजण म्हणतात आर्टकॅम टाक, पेनड्राइव्हवर आहे. मित्र म्हणतो फ्रीकॅड शीक. नक्की काय करू?

उत्तर : तुझ्या मशीनला काही झालेलं नाही. ऑक्टोबर २०२० पासून फ्युजनच्या पर्सनल लायसन्समध्ये रॅपिड मूव्ह, म्हणजे न कापता झटकन सरकणं, बंद आहेत, म्हणून जीकोडमध्ये (मशीनला द्यायच्या हुकमांच्या फाईलमध्ये) जिथं झटकन सरकायचं जी० यायला पाहिजे तिथं पण कापायचं जी१ येतं आणि फीडच्याच, म्हणजे कापायच्याच, वेगानं मशीन सरकते. शिवाय एका वेळी दहाच फाईली एडिट करता येतात. पण तू विद्यार्थी आहेस ना, मग पर्सनल कशाला घेतलंस, एज्युकेशनचं घे. कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो, दर वर्षी नवं करावं लागतं, पैसे लागत नाहीत. फक्त ते विंडोज आणि मॅकवरच चालतं आणि त्याला नेट लागतं हे लक्षात ठेव, लॅबमध्ये नेट नसलं की अडतं.

आर्टकॅमचं स्पष्ट सांगते, ते पेनड्राइव्ह घेऊ नकोस. आर्टकॅम ज्या डेलकॅम कंपनीचं होतं ती ऑटोडेस्कनं २०१४ मध्ये घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅम बंद केलं, पुढं ते कार्व्हेको या नावानं दुसऱ्यांनी चालू ठेवलंय. म्हणजे तुला जे मिळतंय ते बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी आहे, आत कुठला व्हायरस आहे ते देव जाणे, आणि नोकरीच्या ठिकाणी तू सांगणार काय, हे कुठं शिकलास म्हणून? ज्या माणसानं दिलं त्याचा हेतू चांगलाच असेल, आपल्याकडे दरवाजे कोरणारी अख्खी पिढी असंच एकमेकांकडून शिकलीय, पण आता फुकटात आणि सरळ मार्गानं मिळतंय तर तो रस्ता कशाला.

फ्रीकॅडबद्दल तुझा मित्र बरोबर बोलतोय. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचं १.० आलं, टूलपाथ, म्हणजे टूलनं जायचा रस्ता, काढायचा जो भाग असतो त्याला आधी पाथ वर्कबेंच म्हणायचे, ते आता कॅम झालंय. प्रोफाइल, पॉकेट, ड्रिलिंग, व्ही कार्व्ह सगळं आहे, सिम्युलेशन आहे, जॉब सुटू नये म्हणून टॅब ठेवता येतात. पहिले पंधरा दिवस त्रास होईल, बटणं कुठं आहेत ते सापडत नाही, धीर धर. तुझ्या वयाला आणि तुझ्या शिक्षणाला फ्युजन आणि फ्रीकॅड दोन्ही येणं चांगलं, कारण फ्युजन कंपन्यांमध्ये भेटेल आणि फ्रीकॅड कुणी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. आठवी-नववीच्या पोरांना मात्र मी दोन्ही देत नाही, त्यांना इंकस्केपमध्ये चित्र काढायला लावते आणि किरीमोटोमध्ये टूलपाथ, ते ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करायला नको, आणि ज्या शाळेत थ्रीडी प्रिंटर आहे तिथल्या पोरांना ते लगेच कळतं कारण स्लायसर पण त्यातच आहे.

दुकानाचा बोर्ड, नक्षी अशी रोजची ऑर्डर करायची असेल तर व्हीकार्व्ह या सॉफ्टवेअरला तोड नाही, पण ते विकत आहे आणि महाग आहे, वर्कशॉपनं धंदा सुरू केला तर घ्यावं.

पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचं तुझ्या मशीनला कळणाऱ्या कोडमध्ये भाषांतर करणारा भाग, निवडताना जीआरबीएलच निवड. दुसरा निवडला तर फाईलमध्ये एम६ नाहीतर जी८१ येतं, म्हणजे टूल बदल आणि ड्रिलिंगची सायकल, ती जीआरबीएलला कळत नाही आणि एरर २० दाखवून थांबते. पोरं मग बोर्ड खराब झाला म्हणून तक्रार करतात. फाईल मशीनला पाठवायला युनिव्हर्सल जीकोड सेंडर, कँडल, जीसेंडर यातलं कुठलंही घे, फुकट आहेत सगळे, मला जीसेंडर नवख्यांसाठी सोपा वाटतो.

आणि एक काम माझ्यासाठी कर. कुठलंही कॅम उघडायच्या आधी नोटपॅडमध्ये हातानं वीस मिलिमीटरचा चौकोन लिही. जी२१ म्हणजे मिलिमीटर, जी९० म्हणजे मापं झिरोपासून, एम३ नं स्पिंडल चालू, मग झेड वर, एक्सवाय झिरो, झेड हळूच खाली, चार ओळींत चार बाजू, झेड वर, एम५. दहा-बारा ओळी होतात. एम३ ची ओळ तात्पुरती काढ, म्हणजे स्पिंडल फिरणार नाही, आणि स्पिंडलला पेन बांधून कागदावर चालव. त्यानंतर सॉफ्टवेअर जी दोन हजार ओळींची फाईल देतं ती तुला वाचता येते, आणि जी२१ च्या जागी चुकून जी२० आलं, म्हणजे इंच, म्हणजे सगळं २५.४ पट, तर मशीन फ्रेमला आदळायच्या आधी तुझ्या लक्षात येतं.

प्रश्न : आम्ही लातूरला बचत गटाच्या मुलींसाठी छोटं वर्कशॉप चालवतो, घरावरच्या नावाच्या पाट्या करायच्या आहेत. मराठी अक्षरं इंग्रजीसारखी येत नाहीत हो. शिरोरेषेच्या तिथं मशीन आत आत कापते, जोडाक्षरं फुटतात, आणि डीटीपीवाल्याकडून आणलेली फाईल उघडली की भलतीच चिन्हं दिसतात.

उत्तर : ताई, हा प्रश्न आल्याचा मला खरंच आनंद झाला, कारण हे बाहेरच्या कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नसतं आणि आपल्याकडे प्रत्येकजण यात अडकतो.

एकेक घेऊ. डीटीपीवाल्याची फाईल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असते, श्रीलिपीसारख्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे म्हणून तिथं "देशमुख" दिसतं, तुमच्याकडे नाही म्हणून चिन्हं दिसतात. त्यांना एवढंच सांगायचं, कोरलमध्ये कर्व्ह करून एसव्हीजी द्या. त्यांना लगेच कळेल. मग तो मजकूर राहत नाही, नुसत्या रेषा होतात आणि कुठंही तशाच दिसतात. पण त्याहून चांगलं म्हणजे तुम्हीच इंकस्केपमध्ये युनिकोडनं टाइप करा, इंकस्केपला जोडाक्षरं बरोबर कळतात, "ज्ञ" "त्र" "श्री" सगळं नीट येतं. काही टूलपाथ सॉफ्टवेअरमध्ये थेट मजकूर टाइप करायची सोय असते तिथं मराठी टाइप करू नका, तिथंच अक्षरं फुटतात.

शिरोरेषेचं कारण असं की देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा थोडी जास्तच घेऊन येतं आणि ती शेजारच्या अक्षराच्या रेषेवर चढते, तेव्हाच ती डोळ्याला सलग दिसते. आपल्या डोळ्याला एक रेषा, पण मशीनला दोन वेगळ्या आकृत्या एकमेकांवर पडलेल्या दिसतात आणि ती दोघींची कड वेगवेगळी कापते. म्हणून आधी ऑब्जेक्ट टू पाथ करायचं, मग अनग्रुप, मग सगळं सिलेक्ट करून युनियन. सगळा शब्द एकसंध झाला की मगच एसव्हीजी सेव्ह करायची. वेलांटी, मात्रा, अनुस्वार तपासून घ्या, रफार कधी कधी सुटा राहतो.

फॉन्ट बारीक घेऊ नका. "ष", "क्ष", "श" यांच्या पोटातल्या जागा इतक्या छोट्या असतात की ३.१७५ मिलिमीटरचं बिट आत शिरतच नाही, सॉफ्टवेअर ती जागा गुपचूप सोडून देतं आणि पाटी झाल्यावर "ष" चा "प" वाटतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेनं केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत मिळतात, त्यातला बालू जाडजूड आणि गोल आहे, कोरायला फार छान. आणि सपाट बिटऐवजी व्ही बिट वापरा, ते टोकाला बारीक होत जातं म्हणून कोपरे नाजूक येतात. त्याचा हिशोब सोपा आहे. ६० अंशाच्या व्ही बिटला अक्षराचा दांडा ३ मिलिमीटर रुंद हवा असेल तर खोली साधारण २.६ मिलिमीटर जाते, ९० अंशाच्या बिटला दीडच. म्हणजे छोट्या मशीनवर आणि पातळ लाकडावर ९० अंशाचं बिट सोयीचं पडतं, पण ६० अंशाच्या खोल अक्षरात सावली जास्त सुंदर पडते. दोन्ही एकेक कोरून मुलींना दाखवा आणि त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : बारामतीहून लिहितोय, अकरावीत आहे. आमच्या ३०१८ वर दोन कटकटी आहेत. एमडीएफ कापताना धूर येतो आणि कडा काळी पडते. आणि खाच-कूस करून बॉक्स बनवला तर सगळे सांधे ढिले बसतात. सर म्हणतात मशीनच चायनाची आहे.

उत्तर : मशीनला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघ. धुराचं सांगते. फीड काढायचं म्हणजे फेरे गुणिले बिटच्या धारा गुणिले एका धारेनं किती मिलिमीटर खायचं. मिनिटाला १०,००० फेरे, एक धार, ०.०५ मिलिमीटर, झाले ५०० मिलिमीटर प्रति मिनिट. आता तू दोन धारांचं बिट लावून भीतीनं फीड २०० ठेवलं असशील, तर एक धार खाते फक्त ०.०१. एवढं कमी म्हणजे ती कापतच नाही, घासते. घासलं की तापतं, तापलं की धूर. सगळे नवीन लोक धूर आला की फीड अजून कमी करतात आणि अजून जाळतात. फीड वाढव, जमलं तर एक धारेचं बिट घे, आणि खोली कमी कर म्हणजे मशीनवर लोड येणार नाही. बिट बोथट झालं असेल तर बदल, एमडीएफमधला गोंद धार खातो.

सांध्यांचं बघू. वीस मिलिमीटरचा आणि शंभर मिलिमीटरचा असे दोन चौकोन बाहेरून काप आणि व्हर्नियरनं मोज. दोन्ही सारखेच कमी भरले, समज दोन्ही ०.१७ नं, तर चूक टूलच्या मापात आहे. माझा अंदाज तोच आहे, कारण बिट असतं ३.१७५ चं, म्हणजे पाव इंचाचं अर्धं, आणि सगळी पोरं सॉफ्टवेअरमध्ये ३ टाकतात. मग प्रत्येक कूस ०.१७५ नं बारीक आणि प्रत्येक खाच ०.१७५ नं मोठी, मिळून जवळजवळ ०.३५ ची फट. सांधा ढिला होणारच. पण छोटा चौकोन थोडासा कमी आणि मोठा पाचपट कमी भरला, तर ते स्टेपचं गणित आहे. मोटरचे २०० स्टेप, बोर्ड प्रत्येक स्टेपचे करतो १६ भाग, झाले ३,२००, आणि लीड स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकत असेल तर ३,२०० भागिले ४ म्हणजे ८००. जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये डॉलर १००, १०१, १०२ ला हाच आकडा आहे का बघ. आणि गोल कापल्यावर अंडाकृती आला किंवा कडेला चपटे डाग दिसले, तर नटमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. स्पिंडल बंद करून हातानं हलव, टकटक लागली की समजायचं, स्प्रिंगवाला अँटीबॅकलॅश नट स्वस्तात मिळतो. सरांना हे मोजून दाखव, त्यांना आवडेल.

प्रश्न : मी इचलकरंजी भागात आयटीआयला मशिनिस्ट ट्रेडचा निदेशक आहे. आमची मुलं पुढं व्हीएमसीवर (कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मशीनवर) फानुक कंपनीच्या कंट्रोलला जातात. हे जीआरबीएल वगैरे खेळणं त्यांना शिकवून उपयोग आहे का?

उत्तर : आहे सर, मनापासून सांगते. जी०, जी१, जी२, जी३, जी९०, जी५४, एम३, एम५ हे दोन्हीकडे तेच. जी४१ चं कटर कॉम्पेन्सेशन, जी८१ सारख्या सायकल आणि एम६ जीआरबीएलमध्ये नाहीत, ते तुम्हाला व्हीएमसीवरच शिकवावं लागेल आणि ते मुलांना आधीच सांगून टाका. पण व्हीएमसीवर तुमच्या मुलाच्या हातात खरं मशीन किती मिनिटं येतं? आणि आलं तरी तो घाबरलेला असतो, कारण झेडचा ऑफसेट चुकला तर स्पिंडल बसतो आणि खर्च लाखात जातो. छोट्या मशीनवर तीच चूक केली तर एक बिट मोडतं. झिरो घेणं, एअर कट मारून (टूल जॉबच्या वर हवेतच चालवून) बघणं, फीड होल्डवर (चालू काम मध्येच थांबवायच्या बटणावर) बोट ठेवून पहिला पास बघणं, या सवयी त्याला स्वस्तात लागतात. चुकायची मोकळीक मिळणं ही या वयात फार मोठी गोष्ट आहे.

प्रश्न : आमची शाळा गोव्यात बार्देश तालुक्यात आहे, खोली छोटी, पाऊस आणि खारी हवा. मशीन आली पण मला धूळ आणि मुलांच्या बोटांची काळजी वाटते. लाईट पण मध्येच जाते.

उत्तर : मॅडम, तुमची काळजी अगदी योग्य आहे आणि धुळीची काळजी बोटांइतकीच करा. एमडीएफची भुकटी फार बारीक असते, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि ती तासन् तास हवेत तरंगते. व्हॅक्यूमचं तोंड बिटच्या जवळ बांधूनच मशीन चालू करायची हा नियमच करा, एन९५ मास्क ठेवा, आणि झाडू नका, झाडलं की सगळं परत हवेत, ओल्या फडक्यानं पुसा. छोट्या खोलीत मी तर एमडीएफऐवजी सिल्व्हर ओक नाहीतर साधा पाइन वापरेन.

मशीनला पेटी करून घ्या, पारदर्शक भाग पॉलीकार्बोनेटचा, अ‍ॅक्रिलिकचा नको, मोडलेलं बिट लागलं तर अ‍ॅक्रिलिक तडकतं. गॉगल सगळ्यांना, बघणाऱ्यांना पण. केस बांधलेले, ओढणी बाजूला काढून ठेवलेली, बांगड्या नाहीत, आणि हातमोजे मुळीच नाहीत, फिरत्या टूलजवळ हातमोजा हात आत ओढतो. इमर्जन्सी बटण दाबल्यावर स्पिंडल खरंच थांबतो का ते स्वतः दाबून बघा, काही ठिकाणी नुसती मशीन थांबते आणि स्पिंडल फिरतच राहतो.

दांडे आठवड्याला पुसून पातळ तेलाचा हात फिरवा. पावसात खालचा एमडीएफचा बोर्ड फुगतो, मग कोरीव काम एका बाजूला खोल आणि दुसरीकडे उथळ येतं, तेव्हा तो बोर्ड वरून एकदा सपाट कापून घ्यायचा.

लाईटसाठी दोन गोष्टी करा. ३०१८ ला वीज कमीच लागते, त्यामुळं कॉम्प्युटरचा साधा यूपीएस तिला काही मिनिटं ओढतो, तेवढ्यात फीड होल्ड करून टूल वर घेता येतं. आणि लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचली हे कळवणारे) बसवा, स्वस्त मशीनला बऱ्याचदा नसतात. या स्टेपर मोटरींना आपण कुठं आहोत ते कळत नाही, लाईट गेली की जागा विसरली. पण जीआरबीएल जी५४ चा, म्हणजे जॉबचा, झिरो बोर्डमध्ये साठवून ठेवतं, म्हणून लाईट आल्यावर होमिंग केलं, म्हणजे मशीनला लिमिट स्विचपर्यंत नेऊन जागा शोधायला लावली, की तोच झिरो परत मिळतो आणि अर्धी कोरलेली पाटी वाचते.

प्रश्न : मशीनसोबत लेझर मोड्यूल स्वस्तात मिळतंय, घेऊ का? (पालक, डोंबिवली)

उत्तर : मुलांच्या वर्गासाठी नको. उघड्या फ्रेमवरचा निळा लेझर एका परावर्तनात डोळा कायमचा घालवू शकतो, आणि त्याच्या तरंगलांबीचेच गॉगल लागतात, साधा काळा चष्मा चालत नाही. शिवाय मुलं हौसेनं रेक्झिन, फ्लेक्स, पीव्हीसी काहीही ठेवतात आणि त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. लेझर शिकवायचाच असेल तर पूर्ण बंद पेटीची, झाकण उघडलं की बंद होणारी आणि धूर बाहेर फेकणारी वेगळी मशीन.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या शाळेत मशीन आली. पहिल्यांदा काय बनवू? मला मोबाईल स्टँड बनवायचाय. (भोर)

उत्तर : मोबाईल स्टँड दुसऱ्यांदा बनव, नक्की बनव. पहिल्यांदा शंभर मिलिमीटरचा एक साधा चौकोन काप, मधे एक गोल भोक पाड आणि कोपऱ्यात तुझं नाव कोर. व्हर्नियरनं मोज आणि जे माप येईल ते, चुकलेलं असलं तरी, त्याच चौकोनावर पेन्सिलनं लिही, सोबत तारीख आणि कुठलं बिट लावलं होतं ते. भिंतीला खिळ्यावर अडकवून ठेव. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीच फाईल परत चालव आणि दोन्ही चौकोन मला फोटो काढून पाठव.